शाळेची सोयरीक

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. दिवाळीची सुट्टी संपली होती आणि आमच्या श्रावणीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. शाळा लहानशीच, नांदेडात एका भाड्याच्या घरात भरते, पण इंग्लिश मीडियम. सर म्हणाले, "चौथीच्या पालकांनी आतापासूनच पुढचा विचार करा. आपल्याकडं चौथीपर्यंतच आहे, तुम्हाला माहीत आहेच."

माहीत होतंच. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. तरी मी सरांवरची नजर काढून वर घड्याळाकडं बघितलं. घड्याळ सरांच्या डोक्यावरच होतं, म्हणून वेळ लक्षात राहिली.

माझं शिक्षण सातवी. माझ्या माहेरच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती. निकाल लागला, मी पास झाले, आणि पुढं काय हे कुणी विचारलंच नाही. कुणी नको म्हणालं नाही, कुणी रागावलं नाही. नुसतं विचारायचं राहून गेलं. म्हणून "आपल्याकडं इथपर्यंतच" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. त्याच दिवशी ठरवलं, श्रावणीच्या वेळी विचारायचं राहू द्यायचं नाही.

मग आम्ही विचारतच सुटलो. आम्ही म्हणजे शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर लेकरं सुटायची वाट बघत बसणाऱ्या आया. तिथं बसलं की डोक्यावर, खांद्यावर पीठ साचतं, आपल्याला कळतही नाही. किस्स्यांचं तसंच झालं. घरी येऊन पदर झटकला की एखादा तरी पडायचाच.

*

ओट्यावर आमच्या म्होरक्या मंगलकाकू. मुदखेडच्या. मालक रेल्वेतून रिटायर झाले, आता काकू लेकाकडं नांदेडला असतात आणि साई नावाच्या नातवाला न्यायला येतात. तीन लेकींची लग्नं त्यांनी स्वतः जमवली, हे त्या आपणहून सांगतात.

मी म्हणाले, "काकू, एवढ्या शाळा आहेत. चांगली कोणती ते कसं कळावं?"

"त्यात काय अवघड हाय? सोयरीक बघतो तशी शाळा बघायची. घरी जायच्या आधी शेजाऱ्याला विचारायचं. घरचे काय, सगळे चांगलंच सांगतेत."

आणि खरंच आम्ही पहिल्या शाळेच्या गेटात गेलोच नाही. मागच्या गल्लीत गेलो. तिथं एक बाई दारात शेंगा निवडत बसली होती. काकू तिच्याजवळ बसल्या, चार शेंगा स्वतःच निवडून दिल्या आणि मग विचारलं, "ही शाळा कशी हाय हो?"

"लई चांगली. दिवसभर बिलकुल आवाज नसतो. शाळा हाय का न्हाई तेसुद्धा कळत नाही."

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"का हो काकू? चांगलं तर सांगायली ती."

"एवढी लेकरं अन् आवाज न्हाई? चल."

*

दुसरी शाळा मोठी. काचेचं दार, आत कुंड्या, टेबलापलीकडं पोरगी इंग्रजीत बोलायली. तिनं आम्हाला चकचकीत पुस्तक दिलं, त्यात नुसते फोटो. दहावीच्या निकालाचं पान तिनं उघडूनच दिलं.

काकू म्हणाल्या, "बाई, बाथरूम कुठं हाय?"

"व्हिजिटरसाठी इकडं आहे, मॅडम."

"ते नको. पोरींचं कुठं हाय?"

काकू शिपाईबाईला विचारत विचारत गेल्या आणि लगेच परत आल्या. माझ्याकडं बघून मान हलवली. "एका बी दाराला आतनं कडी न्हाई. पोरगी दिवसभर पाणी पिणार न्हाई इथं."

टेबलावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमचा रिझल्ट तरी बघा."

"रिझल्ट वर्षाला एकदा, बाई. हे रोजचं हाय."

पुढच्या आठवड्यात आम्ही मुद्दाम त्याच रस्त्यानं आलो, तर गेटजवळ सुतार स्कूटरवरून कड्यांचं पाकीट उतरवायला होता. काकू त्याला म्हणाल्या, "जरा खाली लावा, लहान पोरींचा हात पुरला पाहिजे." त्याला वाटलं, काकू तिथल्याच कुणीतरी बाई आहेत. तो "बरं मॅडम" म्हणाला.

*

तिसऱ्या शाळेचा किस्सा छोटा आहे. तिथं मी एकटीच गेले होते. खिडकीतल्या माणसानं श्रावणीचं नाव विचारलं, तिच्या पप्पांचा धंदा विचारला. मी सांगितलं, पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे. मग त्यानं विचारलं, "मदर ग्रॅज्युएट आहेत?"

"मदर मीच आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सध्या जागा खाली नाहीत."

मी ओट्यावर येऊन बसले. काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "पोरगी बघायला आले आणि आईला बघून परत गेले. असली सोयरीक मोडलेली बरी."

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. श्रावणीचं गणित चांगलं, अक्षर चांगलं. आणि अडायचं कशावर, तर माझ्या सातवीवर.

*

सासऱ्यांचा फोन रोज यायचा. ते गावाकडं शेत बघतात. बोलणं सोयाबीनवरून सुरू व्हायचं आणि पाचवीवर यायचं.

"पाचवी गावात बी हाय. कशाला वणवण फिरायलाव? गुरुजी चांगले हायेत, घरचं दूध हाय. इकडं आणून सोडा तिला माझ्यापाशी."

मी म्हणाले, "मामा, तुमच्या लेकालाही तिथंच घातलं होतं ना?"

"हाव. तिथंच शिकला ना."

फोन स्पीकरवर होता. मामांचा लेक, म्हणजे श्रावणीचे पप्पा, समोर बसून वरण-भात कालवायले होते, आणि श्रावणीनं नुकतंच त्यांना विचारलं होतं की पप्पा, भागाकारात वरचा आकडा आधी लिहायचा का खालचा. पप्पांनी 'मम्मीला विचार' म्हणून सांगितलं होतं. हे सगळं मामांना तिकडं ऐकू गेलं असणार.

"बरं," म्हणाले, "बघा तिकडंच कुठंतरी."

*

लातूरला माझी नणंद राहते. तिचं म्हणणं एकच, शिक्षण म्हणजे लातूर. "वहिनी, लोक कुठनं कुठनं येतेत इथं. अन् तुम्ही जवळ असून येत न्हाईत." श्रावणीच्या पप्पांच्याही मनात ते बसलं. हॉस्टेलची शाळा बघून येऊ म्हणाले. मग आम्ही तिघं एसटीनं निघालो.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. शेजारच्या बाकावर आमच्याच वयाची बाई, नवरा आणि मुलगा. मुलाच्या हातात शाळेचं तसलंच चकचकीत पुस्तक.

मी विचारलं, "कुठं निघालात?"

"नांदेडला. ह्याच्यासाठी शाळा बघायला."

"कुठल्या तुम्ही?"

"लातूरच्या."

मी हातातलं भजं परत कागदावर ठेवलं. "अहो, लातूर सोडून नांदेडला? आम्ही तर नांदेडहून लातूरला निघालोत शाळेसाठी."

"लातुरात काय ठेवलंय ताई? नुसती पळापळी. लेकरू पाचवीत गेलं की लोक विचारायलेत, डॉक्टर करायचं का इंजिनिअर. नांदेड कसं शांत."

"नांदेड शांत? आमच्या गल्लीत या एकदा."

मग आम्ही दोघी आपापल्या गावाच्या उणिवा सांगायला बसलो. मी ट्रॅफिक सांगितलं, तिनं पाणी सांगितलं. मी बंद पडलेल्या शाळा सांगितल्या, तिनं क्लासेसच्या पाट्या सांगितल्या. दोघींचे नवरे गुमान चहा पीत होते. शेवटी तिच्या नवऱ्यानं बसस्थानकाकडं एक नजर टाकली आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "पाव्हणं, इथंच अहमदपुरात नाव घालून टाकू दोघांचं. दोघींचं बी भागतंय."

*

लातूरचं हॉस्टेल वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. स्वच्छ होतं. कड्या होत्या, मी बघून आले. एका खोलीत खूप पलंग, एकावर एक. प्रत्येकाखाली एक पत्र्याची पेटी, पेटीवर नाव. सर सांगायले होते, उठायची वेळ, अभ्यासाची वेळ, फोनचा वार. आमचे हे हो-हो करायले होते. लातूरचा हट्ट त्यांचाच.

मग ते एका वरच्या पलंगापाशी थांबले. हात वर करून गादी दाबून बघितली.

"सर, लेकरू वरनं पडत न्हाई का?"

"सवय होते. आठ-पंधरा दिवसांत सगळे रुळतात."

"अन् त्या आठ-पंधरा दिवसांत?"

सरांनी पुढची खोली दाखवायला घेतली.

नणंदेनं पुरणपोळी केली होती. ह्यांनी एक पोळी खाल्ली आणि ताट सरकवलं. परतीच्या गाडीत श्रावणी त्यांच्या खांद्यावर झोपली. नांदेडचे दिवे दिसायला लागले तेव्हा खांदा न हलवता म्हणाले, "आपल्या गावाला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन. मला वाटलं रागावली असेल. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "वहिनी, तुमची वरची खोली रिकामीच हाय ना? आमच्या बाळ्याला पुढच्या साली नांदेडला टाकायचं म्हणायलेत हे."

*

तेवढ्यात मुदखेड रोडच्या एका शाळेचं कळलं. पाचवी ते दहावी, फार मोठी नाही, गावोगावची लेकरं गाडीनं येतात. काकूंनी आधी पानटपरीवाल्याकडं चौकशी केली, मग शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम कडक हायेत. पण लेकरू चढल्याबिगर गाडी हलू देत न्हाईत." काकू म्हणाल्या, "हे घर चांगलं हाय. बोलणी करा."

बोलणी म्हणजे इंटरव्ह्यू. लेकराचा आणि आई-बापाचाही. माझी पाचावर धारण बसली.

ओट्यावर आमच्यातली शिकलेली एकच, ज्योती. वेदांतची मम्मी. बी.ए., बी.एड. तिनं आमची तयारी घ्यायचं मनावर घेतलं. दळणाचे डबे बाजूला सारून ती प्रिन्सिपॉल बनून बसायची.

"येस, प्लीज सिट. तुमच्या मुलाचा एक चांगला गुण सांगा."

साईच्या बाबतीत काकूंना विचारलं तर काकू म्हणाल्या, "जेवण सांडत न्हाई."

"काकू, अभ्यासातला."

"अभ्यासाचं तुम्ही बघा. तेवढ्यासाठीच आणून सोडायली ना तुमच्याकडं."

मी तर ज्योतीनं "नेक्स्ट" म्हटलं की उठून उभीच राहायचे आणि तिला मॅडम म्हणायचे. तिनं मला एक वाक्य इंग्रजीत पाठ करून दिलं: मी गृहिणी आहे, मी तिचा रोज अभ्यास घेते. भांडी घासताना, भाकरी थापताना तेच चालू.

इंटरव्ह्यूला पहिला नंबर ज्योतीचाच आला. आम्ही ओट्यावर वाट बघत बसलो. ती आली ती सरळ ओट्यावर टेकली. काकूंनी पाणी दिलं. तेव्हा म्हणाली, "मॅडमनी वेदांतची जन्मतारीख विचारली."

"मग?"

"मी माझ्या लग्नाची सांगितली."

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मग हे बाळ वरातीच्या घोड्यावरच बसून आलं का?"

वेदांतला मात्र त्यांनी घेतलं.

*

श्रावणीची लेखी परीक्षा इंटरव्ह्यूच्या आधी झाली. बाहेर आली तेव्हा तोंड जरा उतरलेलं. मी विचारलं, "काय गं, गणित अवघड होतं?"

"गणित नाही. 'माझी शाळा' वर लिहायला सांगितलं होतं."

"ते तर येतंय की तुला."

"येतंय. पण मी टीचरला विचारलं, कोणती? संपायली ती का येणार आहे ती?"

"मग?"

"टीचर म्हणाल्या, जी आवडते ती. मग मी गिरणीवर लिहिलं. तुम्ही सगळ्या तिथं बसता, काकू साईला ओरडतात, ते. दोन पानं झाली."

मला वाटलं, झालं. इथंही काही खरं नाही.

*

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी ओट्यावर माझ्या सातवीवरून भांडण झालं. ज्योती म्हणाली, "विचारलं तर दहावी सांगा. कोण बघायला येतंय?"

काकू म्हणाल्या, "अजिबात न्हाई. सोयरीक करताना काही लपवू नये. मागनं निघतं अन् पोरीला ऐकावं लागतं."

"अहो काकू, पण मागं त्या शाळेत काय झालं बघितलं ना? आधी नाव तर लागू द्या पोरीचं."

घरी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुला काय वाटतंय ते सांग. मला विचारलं तर मी पंख्याकडं बघतो." श्रावणी तिथंच पुस्तकांना कव्हर घालत होती. तिनं सगळं ऐकलं. मी मनाशी ठरवलं, दहावी सांगायचं. एका शब्दाचं काम.

मॅडमची खोली साधीच. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर. आम्ही बसलो. मी त्यांनी काही विचारायच्या आधीच ते इंग्रजी वाक्य म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, "बरं. चांगलंय. आता मराठीत बोलू." श्रावणीशी त्या बराच वेळ बोलल्या, गिरणीचंच विचारत होत्या. मग माझ्याकडं वळल्या.

"तुमचं शिक्षण किती झालंय?"

ह्यांनी पंख्याकडं बघितलं. श्रावणीनं माझ्याकडं.

"सातवी," मी म्हणाले.

"पास?"

"पास. वर्गात दुसरी आले होते."

"मग आठवीला का नाही गेलात?"

"आमच्या गावात सातवीपर्यंतच होती मॅडम. आठवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती."

"लांब पडायची?"

"नाही. आमच्या शेतातनं दिसायची. तिथली प्रार्थना ऐकू यायची. आम्ही तोवर खुरप्यानं पिकाची एक पात निंदून काढायचो."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला. मग विचारलं, "गाव कोणतं?"

मी सांगितलं. त्यांनी बेल वाजवली आणि गाडीच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं. "हे गाव आपल्या रस्त्याला आहे का?"

"फाट्यावरनं आत हाय मॅडम. आपण फाट्यावरनं सरळ येतो."

"आत गाडी जाते?"

"जाती की. देवळापाशी वळती बी. पण कुणी न्हाई तिथलं आपल्याकडं."

मॅडमनी मला विचारलं, "अजूनही सातवीपर्यंतच आहे शाळा?"

"हाव."

"सातवी करून घरी बसलेल्या पोरी असतील?"

"असतील. माझ्या चुलत भावाचीच एक आहे. मॅडम, पण आमच्या श्रावणीचं काय?"

"तिला कधीच घेतलं, बाई. तिची दोन पानं वाचली तेव्हाच. मी आता तुमच्या गावचं विचारायलीय." मग ड्रायव्हरकडं बघून म्हणाल्या, "आणि उपकार करायली असं कुणी समजू नका. आठवीच्या वर्गात माझ्याकडं पोरी कमी आहेत. मला पाहिजेत."

ड्रायव्हर म्हणाला, "कुठल्याबी फाट्यावर दोघी-तिघी मिळाल्या तरी गाडी आत घालतो मॅडम."

तर सांगायचं ते एवढंच. नांदेड-मुदखेड रस्त्याच्या आजूबाजूला, फाट्यावरून आत, कुठल्याही गावात तुमच्या ओळखीची एखादी पोरगी सातवी होऊन घरी असेल, तर तिच्या आईला निरोप द्या. आई घरी नसली तर शेतात जाऊन द्या. म्हणावं, शाळा उघडली की सकाळी देवळापाशी उभी कर. गाडी आत येते.